दंगल, हळदीचं गोदाम आणि फौजदार: पटकथेतल्या चुका काढून हव्यात

वखारभाग

दुसरा खर्डा झालाय, आता तुमच्या पुढ्यात टाकतो.

कृष्णाकाठचं एक काल्पनिक पेठेचं गाव. सांगलीसारखंच, पण नाव वेगळं. डिसेंबर १९९२, तीन रात्री संचारबंदी. हळदीचा एक अडत्या बँकेच्या कर्जात गळ्यापर्यंत बुडालेला. दुसऱ्या रात्री त्याचं गोदाम जळतं, नाव दंगलखोरांवर, डोळा विम्यावर. शहर ठाण्याचा जुना फौजदार यात सामील आहे, आणि नाशिकच्या अकादमीतून नुकताच आलेला दुसरा फौजदार त्याच्या हाताखाली. जाळण्याआधीच्या रात्री सहाशे पोती चार ट्रकांतून गावाबाहेरच्या पेवात, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीतल्या खड्ड्यात, हलवतात (हरिपूरची पेवं डोळ्यापुढे आहेत). एक हमाल हे बघतो. जुना फौजदार त्याला सर्व्हिस रिव्हॉल्व्हरने उडवतो, पण गडबडीत पुंगळ्या (काडतुसांची रिकामी नळकांडी) उचलायच्या राहतात. त्या पुंगळ्यांवरून नवा पोरगा माग काढतो. शेवटी पोलीस कमिशनर जुन्याला निलंबित करतात.

"छान जमलंय" नको. कार्यपद्धती कुठे चुकते तेवढं सांगा.

पंचनामा

पहिली चूक शेवटच्या वाक्यात. जिल्ह्याच्या गावाला कमिशनर कुठून आणलात? सांगली-साताऱ्याला पोलीस अधीक्षक. त्यांच्याखाली उपअधीक्षक, मग ठाण्याचे निरीक्षक. हा फरक नुसता पदाच्या नावाचा नाही. आयुक्तालयात दंडाधिकाऱ्याचे बरेचसे अधिकार आयुक्तांकडेच असतात. जिल्ह्यात १४४ चा आदेश जिल्हा दंडाधिकारी नाहीतर प्रांत काढणार, म्हणजे संचारबंदीचा कागद महसुलाकडून येतो. संचारबंदीचे पासही तिकडूनच. दूध, औषधं, वर्तमानपत्रं यांच्या गाड्यांना पास मिळतो आणि पासांच्या पुस्तकात स्थळप्रत राहते. तुमच्या खर्ड्यात चार ट्रक रात्रभर फिरतात आणि कुणी पास विचारत नाही, हे पटत नाही.

कलमं जुनी वापरा. भारतीय न्याय संहिता आणि नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहेत. १९९२ च्या फौजदाराच्या तोंडी खुनाचं नवं कलम १०३ आलं की प्रेक्षागृहातला पहिला वकील हसेल. तेव्हा ३०२ (खून), १४७ (दंगल), १४४ (जमावबंदी), १७४ (अकस्मात मृत्यूची चौकशी).

आता तुम्ही वापरलेलं नाही असं एक कलम. फौजदारी प्रक्रिया संहितेचं १२९. बेकायदा जमाव पांगवण्याचा हुकूम कार्यकारी दंडाधिकारी किंवा ठाणे प्रभारी देऊ शकतो. प्रभारी जागेवर नसेल तर उपनिरीक्षक (म्हणजे फौजदार) दर्जाचा अधिकारीही देऊ शकतो. म्हणजे निरीक्षक दुसऱ्या पेठेत अडकले की त्या रात्रीपुरता तुमचा फौजदारच मालक. आणि १३२ प्रमाणे, जमाव पांगवताना जे केलं त्याबद्दल सरकारच्या मंजुरीशिवाय खटला नाही. एखादा मृत्यू "जमाव पांगवताना" या रकान्यात बसला तर त्याच्याभोवती भिंतच उभी राहते. भ्रष्ट अधिकारी पिस्तुलापेक्षा हा रकाना आधी शोधेल.

रात्रपाळी

पुंगळ्यांचा अख्खा धागा काढून टाका, राव.

रिव्हॉल्व्हर पुंगळी बाहेर टाकत नाही. सहा घरांची चकरी, गोळी सुटली तरी रिकामी पुंगळी घरातच. सिलिंडर उघडून स्वतः ढकलल्याशिवाय जमिनीवर काही पडत नाही. १९९२ च्या फौजदाराच्या कमरेला .३८ चं रिव्हॉल्व्हर. आपोआप पुंगळी फेकणारं पिस्तूल त्याच्या हातात देऊ नका.

शिपायांकडे .३०३. बोल्ट मागे ओढला की आधीची पुंगळी उडते, म्हणजे शेवटच्या गोळीची पुंगळी बोल्ट ओढेपर्यंत नळीतच. मॅगझिनमध्ये दहा, चार्जर क्लिपमध्ये पाच. गोळीबारानंतर हिशेब असा होतो: वाटलेली काडतुसं, परत आलेली काडतुसं, जमा झालेल्या पुंगळ्या. तीनही आकडे जुळावे लागतात. नव्या पोराला धागा हवाच असेल तर तो इथे द्या. अहवालात अकरा फैरी, शस्त्रागाराच्या रजिस्टरला बारा काडतुसं खर्ची.

शिवाय गोळी कुठली हे शवविच्छेदनात कळतं. .३८ ची शिशाची गोळी बऱ्याचदा शरीरात राहते. .३०३ जवळून मारली तर सहसा आरपार जाते. अंगात .३८ सापडली की ती अधिकाऱ्याची, शिपायाची नाही.

एक किरकोळ. "हवेत गोळीबार करा" हा संवाद प्रत्येक सिनेमात असतो. पोलिसांच्या नियमांत डोक्यावरून गोळी झाडायला मनाईच आहे, कारण ती पलीकडच्या माडीवरच्या माणसाला लागते. आधी इशारा, मग लाठी, अश्रुधूर. गोळी शेवटी, खाली नेम धरून, मोजून, आणि कुणी झाडायची तेही नाव घेऊन. अश्रुधूर वाऱ्याच्या दिशेने सोडायचा. विरुद्ध सोडलात तर पहिले पोलीसच डोळे चोळत पळतील. तो प्रसंग म्हणून वाईट नाही म्हणा.

हरिपूरकर

हळदीबद्दल कुणीच बोललं नाही अजून.

नवी हळद बाजारात येते ती जानेवारी-फेब्रुवारीनंतर, उन्हाळाभर. डिसेंबरात जो माल असतो तो मागच्या हंगामाचा, आणि तो ठेवणीतला. पेवात माल घालायचा तो पावसाच्या आधी. म्हणजे तुमच्या अडत्याची हळद डिसेंबरात आधीपासूनच पेवात असणार. चार ट्रक लागतातच कशाला? सहाशे पोती भरायची, उतरवायची, पेवात घालायची, हे एका रात्रीचं चार माणसांचं काम नाही. त्याला हमालांची टोळी लागते. साक्षीदार एक नाही, वीस होतील.

पेवाची रचना नीट दाखवा. जमिनीतला खड्डा, तोंड अरुंद आणि पोट रुंद, रांजणासारखा. वरून दगड-फरशी बसवून मातीने बंद. आत हवा खेळत नाही, म्हणून किडा जगत नाही आणि हळद वर्षानुवर्षं टिकते. त्याच कारणाने माणूसही जगत नाही. पेव उघडल्यावर लगेच कुणी उतरत नाही. तोंड मोकळं ठेवायचं, मग दोरीला दिवा बांधून खाली सोडायचा. दिवा विझला तर थांबायचं. हवेतला प्राणवायू एकवीस टक्क्यांवरून सोळाच्या आसपास आला की ज्योत जाते, दहाच्या खाली माणूस बेशुद्ध. आणि नेहमी दोन मरतात. पहिला खाली पडलेला बघून दुसरा दोर न बांधता उडी टाकतो.

तुमच्या फौजदाराला बंदूक हवीच कशाला? "जरा खाली उतरून पोती मोजून ये" म्हणायचं आणि दिवा सोडायचा नाही.

(२००५ च्या पुरात हरिपूरची बरीच पेवं गेली. कथा १९९२ ची आहे ते बरं आहे.)

वखारभाग

हरिपूरकर, ट्रक गेले म्हणजे माझा अर्धा मध्यंतर गेला. पण मग गोदामात काय होतं?

हरिपूरकर

रिकामं. वर चार थर पोत्यांचे, आत भाताचं तूस. हळद हललीच नाही, कागद हलला.

पंचनामा

वा. आता प्रकरण माझ्या टेबलावर आलं.

कर्ज कॅश क्रेडिटचं असणार, माल नजरगहाण. म्हणजे माल कर्जदाराच्याच ताब्यात आणि दर महिन्याला त्याने बँकेत साठ्याचं विवरण द्यायचं. त्यात तो "गोदाम क्रमांक अमुक, सहाशे पोती" लिहितो, हळद मात्र पेवात. ताबेगहाण दाखवू नका. तिथे गोदामाला बँकेचं कुलूप आणि बँकेची पाटी असते, मग मॅनेजरलाही कटात घ्यावं लागेल आणि पात्रं वाढतील.

विमा कंपनी सरकारी, कारण १९९२ मध्ये दुसरी नव्हतीच. आगीच्या पॉलिसीत दंगलीचं नुकसान धरलेलं असलं पाहिजे. तेव्हा वीस हजारांच्या वरच्या दाव्याला नुकसान तपासणारा परवानाधारक सर्व्हेअर लागायचा. तो काय मागेल? फिर्यादीची नक्कल, घटनास्थळाचा पंचनामा, अग्निशमनचा दाखला, साठा रजिस्टर, बँकेचं विवरण. शेवटचे दोन अडत्या स्वतः देतो. पहिले दोन ठाण्यातून येतात. फौजदार विकतो ते हे दोन कागद. किंमत ठरते ती पंचनाम्यातल्या एका ओळीची: "गोदामात अंदाजे ६०० पोती हळद जळालेल्या स्थितीत मिळून आली." यातला "अंदाजे" हा शब्द त्याच्या पाठीला उशी आहे.

पंच नेहमीचेच घ्या. ठाण्यासमोरचा पानटपरीवाला आणि सायकल दुकानवाला. कोऱ्या कागदावर आधी सही, मजकूर नंतर रायटर, म्हणजे ठाण्याची लिखापढी करणारा पोलीस, लिहिणार. साहेबांचा रायटर हे पात्र तुमच्या खर्ड्यात नाहीच. ते आणा, सगळ्यांत जास्त त्याला माहीत असतं. उलटतपासात असे पंच पडतात, पण त्यासाठी खटला उभा राहावा लागतो, आणि इथे तो राहणारच नाही.

का, ते सांगतो. महाराष्ट्रात तपास बंद करताना पोलीस दंडाधिकाऱ्याकडे समरी, म्हणजे प्रकरण बंद करण्याचा शेरा, मागतात. बी म्हणजे फिर्याद खोटी आणि खोडसाळ. सी म्हणजे खरी-खोटी ठरत नाही, गैरसमजातून वगैरे. आणि ए म्हणजे गुन्हा खरा, आरोपी सापडत नाही. दंगलीतली आग म्हणजे आरोपी "अज्ञात जमाव", पाच-सहा महिन्यांनी ए समरी, दंडाधिकाऱ्याचा शिक्का, फाइल कपाटात. आणि विम्याला तेवढंच हवं असतं, गुन्हा खरा. आरोपी सापडला नाही याने दाव्याचं काही बिघडत नाही.

मुंबईच्या डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींवर श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल १९९८ मध्ये आला. ९०० मृत्यू, ३१ पोलिसांवर ठपका. लोकांना हे आकडे आठवतात. दाखल गुन्ह्यांपैकी निम्म्याहून अधिक ए समरीत बंद झाले होते, ते कुणी आठवत नाही. तुमच्या सिनेमाचा खलनायक ते एक अक्षर आहे.

पोवई_नाका

पंचनामा साहेबांना पूर्ण अनुमोदन. त्याच वर्षी लॉस एंजलिसला जे झालं ते समोर ठेवून बघा, कारण या जातीचे काही अमेरिकी थ्रिलर त्या दंगलीवर बेतलेत.

३ मार्च १९९१ च्या रात्री रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला पोलिसांनी मारहाण केली आणि समोरच्या बाल्कनीतून एकाने ती हँडीकॅमवर टिपली. चार पोलिसांवरचा खटला शहराबाहेर सिमी व्हॅलीला हलवला. २९ एप्रिल १९९२, दुपारी सव्वातीनच्या सुमारास निकाल, पोलीस सुटले, आणि संध्याकाळी शहर पेटलं. साठाहून अधिक मृत्यू, हजारावर इमारती जळाल्या. पोलिसांनी फ्लॉरेन्स आणि नॉर्मंडीच्या चौकातून माघार घेतली. त्या संध्याकाळी पोलीसप्रमुख डॅरिल गेट्स ब्रेंटवुडला एका निधी जमवण्याच्या कार्यक्रमाला गेले होते, आणि तोही पोलीस सुधारणेच्या प्रस्तावाविरुद्धचा. पटकथाकाराला हे सुचलं असतं तर आपण म्हणालो असतो, जरा जास्तच होतंय.

तिथल्या लेखकांना एक आयता फायदा. सव्वातीनची वेळ प्रेक्षकाला आधीच ठाऊक असते. सकाळी अकराचा चहा दाखवला तरी टांगती तलवार. आपल्याकडे वखारभागना ती वेळ स्वतः तयार करावी लागेल. माझं मत, आग लागण्याची वेळ पहिल्या पाच मिनिटांतच सांगून टाका. रहस्य "कुणी" यात नाही, "कसं पचवलं" यात आहे.

दुसरं घेण्यासारखं: लॉस एंजलिसला बंब पोलीस संरक्षणाची वाट बघत थांबले. गल्लीत गेले तर त्यांच्यावर दगड आणि गोळ्या. तुमच्या फौजदाराने काडी लावायची गरजच नाही. त्याने फक्त बंबाबरोबर द्यायची गाडी वीस मिनिटं उशिरा द्यायची. स्टेशन डायरीत नोंद, "गाडी इतरत्र बंदोबस्तास". ही नोंद खोटीही नसेल.

आणि शब्दांचा घोळ. तिथे कॉम्प्टनमध्ये पोलीस दाराशी गेले आणि सोबतच्या मरीन सैनिकांना "कव्हर मी" म्हणाले. पोलिसांच्या भाषेत याचा अर्थ बंदूक रोखून उभे राहा. मरीनच्या भाषेत, गोळीबार करून मला झाका. घरावर दोनशेच्या आसपास गोळ्या गेल्या. आपल्याकडे बाहेरून आलेली राखीव दलाची तुकडी आणि ठाण्याची पोरं यांच्यात असा एखादा प्रसंग बसतो. दलाला गल्ल्या ठाऊक नसतात, ठाण्याचा शिपाई वाट दाखवायला देतात, आणि तो शिपाई कुणाचा माणूस आहे यावर सगळं.

रात्रपाळी

पण मग दंगल फौजदाराने घडवली की नाही? प्रेक्षक विचारणारच.

पोवई_नाका

नाही. तो थांबला होता. अडत्याचे कागद उन्हाळ्यापासून तयार, आगीला निमित्त हवं होतं. दंगल घडवणारा फौजदार म्हणजे मसाला. वाट बघणारा जास्त भीतीदायक.

वखारभाग

मान्य. ट्रक गेले, पुंगळ्या गेल्या, कमिशनर गेले. नव्या फौजदाराला संशय यायला आता काय उरलं? पासांच्या पुस्तकातली स्थळप्रत ठेवतोय. दुधाच्या टेम्पोचा पास, आणि त्यात रॉकेलचे डबे. अजून डोळ्याला दिसेल असं काही?

हरिपूरकर

हळकुंड. थप्पीची हळद भसकन जळून जात नाही. वरची पोती पेटतात, आतली दिवसेंदिवस धुमसतात. राखेचा ढीग उकरला की बाहेरून कोळसा झालेली हळकुंडं निघतात आणि मोडली की आत नारिंगी. तुसाची राख वेगळी, पांढुरकी आणि ढीगभर उरते. पोरगा काठीने ढीग उकरतोय, एकही हळकुंड नाही.

मोती_चौक

चित्रीकरणाकडचं लिहिते.

बाजारपेठ सांगलीत घेऊ नका. हरभट रोडवरच्या पाट्या, एलईडी आणि वायरी झाकण्यात कलाविभागाचं निम्मं बजेट जाईल. वाईच्या जुन्या गल्ल्या घ्या. वाईने बिहारही केलाय आणि उत्तर प्रदेशही, सांगलीची पेठ करणं तिला जड नाही. गोदामाचं बाह्यदृश्य मात्र सांगलीतच, तसे पत्रे आणि तशी उंच दारं दुसरीकडे नाहीत. पावसाळा टाळा, मारुती चौकात पाणी शिरायला वेळ लागत नाही.

काळ: खासगी गाड्यांच्या पाट्या काळ्या आणि अक्षरं पांढरी. एमएच मालिका सुरू होऊन तीनच वर्षं झालेली, म्हणून रस्त्यावर एमएच-१० आणि जुने क्रमांक मिसळून. सांगलीचा भास ठेवायचा तर बंबावर "नगरपालिका", कारण महानगरपालिका १९९८ ची. मोबाइल नाही, तो १९९५ मध्ये आला. वायरलेस आणि एसटीडी बूथ. डिसेंबर म्हणजे गळीत हंगाम, तेव्हा गावाच्या हद्दीबाहेर अडवलेल्या उसाच्या गाड्यांची रांग ठेवा. बैलांच्या तोंडची वाफ कॅमेऱ्याला आवडते.

दुकानाच्या काचा साखरेच्या. एक किलो साखर, तीनशे ग्रॅम लिक्विड ग्लुकोज, अर्धा लिटर पाणी. ग्लुकोज नसेल तर साखर परत दाणेदार होते आणि काच धुरकट दिसते. १५० अंशांपर्यंत न्यायची, १६० ओलांडलं की पिवळी पडते. दोन बाय तीन फुटांच्या, चार मिलिमीटर जाडीच्या एका काचेत साधारण साडेतीन किलो माल जातो. दमट हवेत काही तासांत चिकट होते, म्हणून सकाळच्या दृश्याची काच आदल्या रात्रीच ओता, आणि दिव्यांपासून लांब ठेवा.

जमाव ऐंशी माणसांत होतो. लांब पल्ल्याची लेन्स, पुढच्या तीन ओळी दाट, मागे धूर. दगड थर्मोकोलचे नकोत, वारा त्यांना वळवतो. रबरी फोमचे, आत थोडं वजन घालून. लाठीमारानंतर रस्त्यावर चपला टाकायच्या, पण जोडीने नाही. पन्नास-साठ सुट्या चपला, त्यातल्या बऱ्याच डाव्या-उजव्या न जुळणाऱ्या. ज्वाळा गॅसच्या भोकं पाडलेल्या नळीतून, आणि व्हॉल्व्हवर एक माणूस कायम. पेट्रोल नाही, टायर नाहीत. गणवेशातले ज्युनिअर आर्टिस्ट चहाला बाहेर जाताना वरून शर्ट घालतील असं बघा, आणि जवळच्या ठाण्यात आधी पत्र द्या, नाहीतर ११२ ला फोन जाणारच.

पेव खरं वापरू नका, कारण वर हरिपूरकरांनी सांगितलंच आहे. तोंड लोकेशनवर, पोट सेटवर.

अजून एक सुचतं. बंबाने पाणी मारल्यावर गटार पिवळं वाहायला हवं. सहाशे पोती हळद आहे. ते काळंच वाहतं. नवा फौजदार गटाराकडे बघत उभा, एक शब्द नाही.

वखारभाग

ताई, हे मध्यंतराचं दृश्य. ठरलं.

हरिपूरकर

फक्त पिवळं नाही. राखेचं पाणी क्षारयुक्त असतं, त्यात हळद लालसर होते. कुंकू हळद आणि चुन्याचंच करतात की. तेव्हा कुणीतरी रायटरच्या तोंडी घाला, "हळद जळाली असती तर गटार कुंकवासारखं झालं असतं, साहेब." आधी बादलीत करून बघा, पाव किलो हळद, चार ओंजळी लाकडाची राख, दहा लिटर पाणी. राख चाळून घ्या, आणि एकदम लाल झालं नाही तर थोडी चुन्याची निवळी.

मोती_चौक

आणि ते वाईच्या दगडी फरशीवर ओतू नका. डाग उन्हात दोन-चार दिवसांत उडतो, पण तोवर मालक थांबत नाही. खाली प्लास्टिक, वर माती.

वखारभाग

उद्या बादली लावतो. तिसरा खर्डा याच धाग्यावर टाकेन.